दोन फायलींतला एकच ग्राहक

बाजार संशोधनाच्या कामात लोकांनी दिलेली उत्तरे आणि लोकांनी केलेली खरेदी या दोन गोष्टी सहसा एका टेबलावर येत नाहीत. उत्तरे आमच्याकडे असतात, बिले विक्री विभागाकडे असतात, आणि दोहोंची गाठ पडते ती फार तर सरासरीच्या पातळीवर. एकाच माणसाचे उत्तर आणि त्याच माणसाचे बिल शेजारी ठेवून वाचण्याची संधी क्वचितच मिळते. मला ती एका कामात मिळाली. ज्या दिवशी त्या दोन फायली जोडल्या गेल्या, त्या दिवसाविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण नैतिक खरेदीबद्दल, म्हणजे माल बनवणाऱ्यांची परिस्थिती लक्षात घेऊन केलेल्या खरेदीबद्दल, लोक नुसते बोलतात असा जो निष्कर्ष सर्वत्र सहजपणे काढला जातो तो त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत निकालात निघाला.

काम चादरी, टॉवेल आणि उशांचे अभ्रे बनवणाऱ्या एका कंपनीचे होते. नेहमीच्या मालाबरोबर कंपनीने एक वेगळी मालिका बाजारात आणली होती. सूतकताईपासून शिलाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर कामगारांना ठरलेले वेतन, मर्यादित तास आणि सुरक्षित इमारत मिळते, हे एका त्रयस्थ संस्थेने तपासून त्या मालाला प्रमाणपत्र दिले होते. किंमत नेहमीच्या मालापेक्षा थोडी अधिक होती. ही मालिका आणण्यापूर्वी कंपनीने स्वतः केलेल्या सर्वेक्षणात बहुसंख्य ग्राहकांनी असा माल मिळाल्यास तोच घेऊ असे सांगितले होते. प्रत्यक्षात विक्री अगदीच तुटपुंजी झाली. लोक सर्वेक्षणात खोटे बोलतात, सबब मालिका बंद करावी, असा विक्री विभागाचा निष्कर्ष तयार होता. त्याला पुष्टी देणारा अहवाल तेवढा आमच्याकडून हवा होता. ज्या ग्राहकांनी आपल्या खरेदीच्या नोंदी संशोधनासाठी वापरण्यास आणि गरज पडल्यास फोनवर बोलण्यास लेखी संमती दिली होती, त्यांची उत्तरे आणि बिले आम्ही जोडणार होतो.

बोलणे आणि वागणे यांतली ही तफावत आमच्या क्षेत्रात जुनी आहे. रिचर्ड लापिएर या समाजशास्त्रज्ञाने 1934 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती उलट्या दिशेने दिसते. एका चिनी जोडप्याबरोबर त्याने अमेरिकाभर प्रवास केला, तेव्हा अडीचशेच्या वर हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी एकानेच त्यांना दारातून परत पाठवले. पुढे त्याच ठिकाणांना पत्र पाठवून चिनी पाहुण्यांना प्रवेश द्याल का असे विचारले, तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी नकार कळवला. कागदावर कठोर असलेली माणसे प्रत्यक्षात सौम्य वागली होती. नैतिक खरेदीच्या बाबतीत मात्र दिशा बहुधा दुसरी असते. ब्रिटनमध्ये 2000 साली मांडलेले 30 आणि 3 हे सूत्र सर्वांना पाठ आहे: सुमारे तीस टक्के ग्राहक नैतिकतेची काळजी असल्याचे सांगतात, आणि अशा मालाचा बाजारातील वाटा मात्र तीन टक्क्यांच्या आसपास राहतो. 2019 मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील एका लेखातही 65 टक्के लोकांना असे ब्रँड घ्यायचे असतात आणि सुमारे 26 टक्केच ते घेतात, अशी आकडेवारी दिली होती. त्यामुळे फायली जोडल्यावर काय दिसेल याची मला बरीचशी कल्पना होती.

सकाळी आमच्या विश्लेषकाने चार रकाने मांडले. ‘घेईन’ म्हणून घेणारे, ‘घेईन’ म्हणून न घेणारे, ‘फरक पडत नाही’ म्हणून न घेणारे, आणि ‘फरक पडत नाही’ म्हणूनही घेणारे. दुसरा रकाना अपेक्षेप्रमाणे भरलेला होता. चौथा रकाना जवळजवळ रिकामा असेल असे आम्ही दोघांनीही गृहीत धरले होते, आणि तो तसा नव्हता. कामगारांच्या परिस्थितीशी आपल्याला काही देणेघेणे नाही असे स्पष्ट लिहून देणारी माणसे प्रमाणित माल नियमितपणे नेत होती. विश्लेषकाला जोडणीत गफलत झाल्याची शंका आली. त्याने कार्ड क्रमांक पुन्हा पडताळले. जोडणी बरोबर होती. लोक चांगले दिसण्यासाठी खोटे बोलतात हे स्पष्टीकरण या रकान्याला लागू पडत नव्हते, कारण स्वतःला आहे त्यापेक्षा बेफिकीर दाखवण्यासाठी कोणी सर्वेक्षणात खोटे बोलत नाही.

दुपारी आधीच वेळ ठरवलेल्या काही उत्तरदात्यांना मी फोन केले. पहिले गृहस्थ चौथ्या रकान्यातले होते. “अहो, ते प्रमाणपत्र वगैरे मला ठाऊक नाही,” ते म्हणाले. “हे टॉवेल लवकर वाळतात. एकदा घरात आले, मग तेच आणत गेलो.” त्यांच्या बिलावरून कोणी त्यांना नैतिक ग्राहक ठरवले असते, तर ती या शांत, प्रामाणिक माणसाबद्दलची संपूर्णपणे चुकीची माहिती ठरली असती. विक्रीचे आकडे म्हणजेच ग्राहकाचे खरे मन असे मानणाऱ्यांनी या गृहस्थांचा विचार जरूर करावा. बिलात सवय असते, त्या दिवशी दुकानात काय शिल्लक होते ते असते, घरातल्या दुसऱ्या कोणाची तरी निवड असते. या सगळ्यातून मूल्ये वेगळी काढता येतील असे त्या कागदावर काहीच नसते.

दुसऱ्या बाईंचे बोलणे मात्र मी विसरू शकत नाही. त्या शिक्षिका होत्या. सर्वेक्षणात त्यांनी प्रत्येक प्रश्नाला सर्वांत ठाम होकार दिला होता, आणि मालिका उपलब्ध असलेल्या काळात त्यांनी नेहमीच्याच चादरी घेतल्या होत्या. माझ्या आवाजात आरोप येऊ नये याची मी फार काळजी घेत होते. मी फक्त विचारले, “चादर घेतली तेव्हाचं काही आठवतं का?” त्या जरा थांबून म्हणाल्या, “आठवतं. शेजारी दुसरा गठ्ठा होता आणि त्यावर कामगारांविषयी काहीतरी लिहिलं होतं. मी ते पूर्ण वाचलं नाही. वाचलं असतं, तर मग हातातली चादर ठेवून द्यावी लागली असती, आणि रंग मला हाच हवा होता.” आणखी थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “सर्वेक्षणात मी लिहिलं ते मात्र खरंच लिहिलं होतं, बरं का.”

ते खरेच होते, असे मला पूर्ण मनापासून वाटते. क्रिस्टीन एरिक आणि ज्युली आयर्विन यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच दाखवले आहे. लाकडी टेबलाचे लाकूड वर्षावने तोडून आणलेले आहे का, ही माहिती समोर ठेवली की लोक निवड करताना ती वापरतात. पण ती माहिती मागून घ्यायची वेळ आली, की ज्यांना जंगलांची काळजी आहे तेही ती मागत नाहीत. ज्याला काळजीच नाही त्याला न वाचता पुढे जाण्याची गरज पडत नाही. त्या बाईंनी मजकूर वाचणे टाळले, कारण वाचला असता तर त्याचा त्यांच्यावर परिणाम झाला असता. ग्राहकाने केलेल्या या टाळाटाळीला बेपर्वाई म्हणणे हा मला त्या ग्राहकावर अन्याय वाटतो, आणि आमच्या क्षेत्रात तो रोज होतो.

तिसऱ्या बाईंचे कारण अगदी साधे होते. त्यांनी एकदा प्रमाणित अभ्रे घेतले होते. पुढच्या वेळी त्या मापाचे मिळालेच नाहीत. दुकानात कोणाला विचारावे तर कोणाला काही माहीत नव्हते.

फोन संपल्यावर मी कंपनीच्या मूळ सर्वेक्षणाची प्रश्नावली पुन्हा काढली. तिच्या सुरुवातीला बांगलादेशातील ढाक्याजवळच्या राणा प्लाझा इमारतीविषयी एक परिच्छेद होता. 24 एप्रिल 2013 रोजी ती कोसळली आणि तिच्यातील कपड्यांच्या कारखान्यांत काम करणारी 1,100 हून अधिक माणसे मरण पावली. हे वाचायला लावून लगेच विचारले होते: सुरक्षित परिस्थितीत तयार झालेला माल आपण घ्याल का? त्या क्षणी कोणताही सहृदय माणूस ‘हो’ म्हणेल, आणि तो तसे मनापासूनच म्हणेल. पण दुकानातील मांडणीसमोर तो परिच्छेद नसतो. तेथे माप, रंग, पोत, किंमत, घरी जाण्याची घाई आणि गठ्ठ्याच्या आतल्या घडीवर शिवलेले एक छोटे लेबल असते. प्रश्नावलीत एकच गुण एकट्याने विचारला होता. दुकानात तो इतर दहा गुणांशी झगडत असतो. शिवाय कामगाराचे वेतन कापडाला हात लावून कळत नाही आणि वापरूनही कळत नाही. ग्राहकाला त्याबाबत केवळ विश्वास ठेवावा लागतो, आणि लेबल ओळखीचे नसेल तर तो विश्वासही डळमळतो. आइसेन आणि फिशबाइन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच बजावले होते की वृत्ती आणि वर्तन यांची तुलना करायची तर दोन्हींचा विषय, कृती, प्रसंग आणि काळ जुळला पाहिजे. कामगारांविषयीची सर्वसाधारण आस्था मोजायची आणि तिची तुलना एका विशिष्ट दिवशी घेतलेल्या एका विशिष्ट चादरीशी करायची, यात तफावत दिसली नसती तरच नवल होते.

संध्याकाळी कंपनीच्या लोकांबरोबर बैठक झाली. विक्री विभागाचे प्रमुख अनुभवी आणि सरळ माणूस होते. त्यांनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, “मॅडम, दुसरा रकाना बघा ना. याचा अर्थ एकच होतो. बोलायला सगळे पुढे असतात.” मी त्यांना चौथा रकाना दाखवला, आणि संमती घेऊन उतरवून ठेवलेली शिक्षिकेची वाक्ये नाव न सांगता वाचून दाखवली. खोलीत कोणी काही बोलले नाही. मग त्यांनीच विचारले, “पण दर जास्त असताना लोक घेतात, याला काही पुरावा आहे का?”

पुरावा होता, आणि तो योगायोगाने टॉवेलचाच होता. मायकेल हिस्कॉक्स आणि निकोलस स्मिथ या संशोधकांनी न्यूयॉर्कमधील एका मोठ्या गृहसजावटीच्या दुकानात टॉवेल आणि मेणबत्त्यांवर चांगल्या श्रमपरिस्थितीचे लेबल लावून प्रयोग केला. लेबल लावलेल्या मालाची विक्री वाढली, आणि त्याची किंमत 10 ते 20 टक्क्यांनी चढवल्यावरही मागणी घटली नाही, उलट वाढली. तेथे लेबल मालाच्या बाजूला ठळकपणे लावलेले होते. ग्राहकाला ते शोधावे लागत नव्हते. दुसरे उदाहरण मी जर्मनीतील विजेचे दिले. जवळपास 42,000 कुटुंबांवर केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वीजजोडणी घेताना हरित विजेचा पर्याय स्वतः निवडावा लागला, तेव्हा सुमारे सात टक्के लोकांनी तो घेतला; तोच पर्याय आधीपासून निवडलेला ठेवला आणि नको असल्यास काढण्याची मोकळीक दिली, तेव्हा तो सुमारे 69 टक्क्यांकडे राहिला. एकाच प्रकारच्या लोकांना सात टक्क्यांवरून बेपर्वा म्हणायचे की 69 टक्क्यांवरून कळकळीचे, असे मी त्यांना विचारले.

यातून ग्राहकाला पूर्ण दोषमुक्त करावे असे माझे म्हणणे नाही. आपल्या एकट्याच्या खरेदीने काय होणार, असे म्हणून अंग काढून घेणारेही त्या दिवशी मला फोनवर भेटले, आणि त्यांना थोडा अधिक खर्च सहज परवडला असता. काही उत्तरांत स्वतःला बरे दाखवण्याचा मोहही नक्कीच होता. परंतु ज्याला खोटेपणा म्हणून हिशेबातून काढून टाकायचे ठरले होते, त्याचा मोठा भाग दुर्लक्ष, सवय, न सापडलेले माप आणि आतल्या घडीतले लेबल यांनी बनलेला होता, आणि या सर्व गोष्टी कंपनीच्या हातातल्या होत्या. ग्राहक घेत नाहीत म्हणून मालिका बंद झाली असती, तर तिचा फटका त्या प्रमाणपत्रामुळे ज्यांना नीट वेतन मिळू लागले होते त्यांना बसला असता; त्या कामगारांना आमच्या प्रश्नावलीने काही विचारलेले नव्हते आणि त्यांच्या बाजूने बोलणारे त्या खोलीत कोणी नव्हते. मी ते बोलून दाखवले. संशोधकाने इतके बोलावे का, असा प्रश्न नंतर माझ्या एका सहकाऱ्याने केला. मला तरी ते कामाचाच भाग वाटते.

अहवालात मी लिहिले की उत्तरदाते खोटे बोलले असे म्हणण्यास या माहितीत आधार नाही. हे वाक्य थोडे मवाळ करावे अशी सूचना कंपनीकडून आली. मी ते तसेच ठेवले आणि त्याखाली चारही रकाने जोडले. मालिका त्या हंगामात बंद झाली नाही. काही दुकानांत लेबल गठ्ठ्याच्या दर्शनी बाजूला आणायचे, सर्व मापे आणि रंग शिल्लक राहतील असे पाहायचे, इतर काही दुकानांत जुनीच मांडणी ठेवायची आणि दोहोंची विक्री ताडून पाहायची, असे ठरले. प्रश्नावलीतील राणा प्लाझाचा परिच्छेद शेवटी गेला, आणि ‘घ्याल का’ या प्रश्नाच्या जागी दोन चादरींची छायाचित्रे आली, प्रत्येकीखाली रंग, माप, किंमत आणि प्रमाणपत्र लिहिलेले, आणि त्यांच्यापाठोपाठ एक प्रश्न: मागच्या वेळी चादर घेताना लेबल वाचले होते का, आणि नसेल तर तेव्हा घाईत होतात, ते दिसले नाही, की वाचावेसे वाटले नाही?