सेवा-सहलीत नवं काही बांधू नका

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) हिवाळी शिबिर म्हणजे दत्तक गावात सात दिवस मुक्काम, हे सोलापुरातल्या कॉलेजांना पाठ आहे. तेच शिबिर नेपाळला न्यायचं मनात असेल, तर पहिलं पथ्य हे की तिथे भिंत बांधू नका, शाळा रंगवू नका. गवंडी तिथेही आहेत आणि त्यांना रोजगार हवाय. अनाथाश्रमांच्या भेटी तर नकोच. नेपाळमधल्या अशा आश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या देणग्यांसाठी मुलं गोळा करणारेही आहेत.

पोरांना झेपेल आणि तिथल्या लोकांच्या उपयोगी पडेल असं एक काम आहे. आधी कोणीतरी बसवून गेलेली वस्तू आज चालते का, बंद असेल तर का, हे शोधायचं.

त्यासाठी तराईतला, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सखल भागातला, नवलपरासीचा पट्टा घ्या. तिथल्या उथळ हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक आहे. आपल्याकडचं बोअरचं खारं पाणी जिभेला कळतं, हे कळत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळूनही जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम, नेपाळची 50. म्हणजे एकच पंप एका हिशेबाने चांगला आणि दुसऱ्याने वाईट ठरतो. अहवालात कोणती मर्यादा धरली ते लिहायलाच हवं.

यावर उपाय म्हणून तिथे घरोघरी ‘कंचन’ फिल्टर दिले गेले. वरच्या टोपात सुमारे 5 किलो साधे लोखंडी खिळे, त्यावर विटांचे तुकडे. खाली बारीक वाळू, मग जाड वाळू, तळाला खडी. खिळे गंजतात, त्या गंजाला आर्सेनिक चिकटतं आणि गंजाचे कण वाळूत अडकतात. बिघाड कुठे होतो ते पोरांनी स्वतः टोप उघडून बघावं. जस्ताचा मुलामा दिलेले खिळे घातले असतील तर ते गंजत नाहीत, सगळा खटाटोप वाया. विटांचे तुकडे काढून टाकले असतील तर वरून ओतलेल्या पाण्याच्या धारेने खिळे बाजूला सरतात, मध्ये खड्डा पडतो आणि पाणी खिळ्यांना न लागताच खाली जातं. खड्डा नसला तरी पाणी भराभर उतरलं की आर्सेनिक धरायला वेळ मिळत नाही. त्यात मुळातच लोह कमी असलेलं पाणी असेल तर फिल्टर आणखी कमी पडतो. खालच्या नळीला कोणी हौसेने तोटी बसवलेली असते. ती काढायला सांगा, कारण नळी उघडी राहिली तरच वाळूवर पाच सेंटीमीटर पाणी कायम टिकतं. धार बारीक झाली की वाळूचा फक्त वरचा थर बोटांनी ढवळून गढूळ पाणी काढून टाकायचं. सगळी वाळू उपसून धुणारे बरेच भेटतील.

तपासणीचा नमुना घेण्याआधी पंप पाच मिनिटं हापसा. एक नमुना पंपाचा, एक फिल्टरचा. दोन्ही असल्याशिवाय फिल्टरबद्दल काहीच म्हणता येत नाही. आर्सेनिक तपासायच्या किटमधली पट्टी पांढऱ्यावरून पिवळी, मग तपकिरी होते. पाकिटावर जितकी मिनिटं लिहिलीत तितकीच थांबा, ऊन लागू देऊ नका. बाटलीत तयार होणारा वायू विषारी असतो, म्हणून हे काम उघड्या ओसरीवर, खोलीत नाही. पट्टीत पारा असतो. वापरलेल्या पट्ट्या झिपच्या पिशवीत परत आणायच्या.

गरिबी समजून घेण्याचं शिक्षण मात्र नेपाळात नाही, सोलापूरजवळच्या कुंभारीत सुरू करा. विडी कामगारांच्या घरकुलांत जाऊन नुसतं ‘महिन्याला किती मिळतात?’ विचारलं तर येणारा आकडा पोकळ असतो. हजार विड्यांमागचा दर ठरलेला असतो. पण पान भिजवणं, कात्रीने कापणं यांचे तास त्यात दिसत नाहीत. पान खराब निघालं की पदरचे पैसे घालून आणावं लागतं, आणि जमा करताना नापास झालेल्या विड्यांचे पैसे जातात. तेव्हा कमाईऐवजी गेल्या आठवड्याचा खर्च विचारा, उधारी कुठे आहे ते विचारा. हे इथे जमलं की तिथेही जमेल. नवलपरासीत त्यात एक प्रश्न वाढवा, घरातलं कोण आखातात किंवा मलेशियात आहे? बाहेरून येणारा पैसा नेपाळच्या जीडीपीच्या जवळपास चौथा हिस्सा भरतो. घरात पैसा येतो, पण जड टोप उतरवून खिळे बदलणारा हात परदेशात असतो. फिल्टर बंद पडण्याचं हे कारण कुठल्याच किटमध्ये सापडत नाही.

प्रवासात पोरं अडकतात ती ओळखपत्रावर. व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. 18 वर्षांवरच्यांना नुसतं आधार चालत नाही. पहिल्या वर्षाच्या बऱ्याच पोरांनी मतदार नोंदणीच केलेली नसते, तेव्हा अर्ज दोन-तीन महिने आधी भरून घ्या. पुण्याहून गोरखपूरची गाडी, तिथून सुमारे 100 किलोमीटरवर सीमेवरचं सोनौली, पलीकडे नेपाळमधलं भैरहवा. आपला 1 रुपया म्हणजे त्यांचे 1.60, दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा न्या. पावसाळा टाळा. दसैं-तिहारात (तिथला दसरा-दिवाळी) कार्यालयं बंद, डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा. राहतो तो नोव्हेंबरचा उत्तरार्ध, नाहीतर फेब्रुवारी.

नेपाळी देवनागरीतच लिहितात, तेव्हा निकालाची चिठ्ठी तिथल्या शिक्षकाकडून नेपाळीत करून घ्या आणि त्याच दिवशी घरच्या बाईच्या हातात द्या. पाणी वाईट निघालं तर जवळचा चांगला पंप कोणता, तेही चिठ्ठीत हवं. एक प्रत वडा (म्हणजे वॉर्ड) कार्यालयात, पोच घेऊन. पंपावर लाल खूण स्वतः करू नका. किटचा निकाल प्रयोगशाळेत पक्का व्हायचा असतो, आणि खूण करायची की नाही हे वडाने ठरवायचं.