पद्मिनीच्या पायाखालचं पाणी

भर पावसात गॅरेजला १९८६ची प्रीमियर पद्मिनी आली. काकांची तक्रार एकच, पाऊस झाला की डावीकडे पायाखाली तळं साचतं. आधीच्या कुणी पुढच्या काचेच्या खालच्या अंगाला सिलिकॉन असं थापलं होतं, की मूळ रबर शोधावं लागत होतं.

"दोनदा मारून घेतलं हो, तरी गळतंय."

सिलिकॉन दिसलं की माझं डोकंच फिरतं.

मॅट काढली, खालचा नमदा, म्हणजे जाड फेल्ट, पिळला तर बादलीभर पाणी. फ्लोअर पुसून वर्तमानपत्रं अंथरली, पोऱ्याला टॉर्च देऊन आत बसवलं आणि पाइप धरला. सुरुवात नेहमी खालून. एकदम टपावर पाणी सोडलं तर ते सगळीकडे ओघळतं आणि काही पत्ता लागत नाही. दाराच्या रबराला खडू घासून दार लावलं, चौकटीवर पांढरी रेघ अखंड उमटली. दाराच्या काचेच्या फटीतून आत पाणी शिरतंच, पण ते बाहेर पडायची खालची भोकं मोकळी होती. दार संशयातून सुटलं. पुढच्या काचेच्या खालच्या कडेवर पाणी मारलं, तरी कोरडं. पाइप वरच्या डाव्या कोपऱ्यावर नेला आणि जरा वेळाने पोऱ्या ओरडला, "आलं, आलं!" धार मात्र डॅशबोर्डच्या खालून.

काच उतरवल्यावर उलगडा झाला. वरचं रबर कडक होऊन आकसलं होतं. तिथून शिरलेलं पाणी रबराच्या आतून खाली उतरायचं, बाहेरची वाट सिलिकॉनने बंद, मग तिथेच मुरायचं. खालच्या चौकटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर आरपार गेला.

सडका पत्रा कापून तुकडा वेल्ड केला, प्रायमर, रंग. नवं रबर काचेवर चढवलं, त्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवून टोकं आत घेतली, साबणाचं पाणी लावलं. पोऱ्या बाहेरून तळहातांनी दाबतोय, मी आतून दोरी ओढतोय, आणि रबराची कड वीत वीत पत्र्यावर पलटत जाते. या कामात घाईला जागा नाही, काच तडकली की जुन्या बाजारात हिंडा.

पुन्हा पाइप मारला. वर्तमानपत्रं कोरडी.

"आता वरून थोडं सिलिकॉन मारू या का, सेफ्टीला?" काका म्हणाले.

मी हात जोडले. नमदा खडखडीत वाळल्याशिवाय घालू नका, एवढं बजावून चावी दिली.