तुम्ही विचारलंत म्हणून: ४१६४१६

सांगलीचा पत्ता लिहून घेणारा परगावचा माणूस हमखास विचारतो, "पिनकोड दोनदा सांगितलात का?" नाही, एकदाच: ४१६४१६. मग पुढचा प्रश्न येतो, या आकड्यात गणिताचं काही आहे का? आहे, आणि भरपूर आहे.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. पहिले तीन अंक टपाल छाटणीच्या विभागाचे, शेवटचे तीन वाटपाच्या पोस्टाचे. ४१६ एकट्या सांगलीचा नाही, कोल्हापूरही त्यातच (४१६००१). गणितापुरतं महत्त्वाचं काय, तर तीन-तीनचे गट. ४,१६,४१६ असा स्वल्पविराम दिलात की जोडी लपते.

तीन अंकी संख्या लागोपाठ दोनदा लिहिणं म्हणजे तिला १००१ ने गुणणं. आहेराच्या पाकिटातला तो हजार एक. १००१ = ७ × ११ × १३, म्हणून या तिघांनी भाग जाणारच, भागाकार मांडायची गरज नाही. राहिला ४१६. त्यासाठी अख्खी संख्याच निम्मी करत जा: २०८२०८, १०४१०४, ५२०५२, २६०२६, १३०१३. पाचव्यांदा विषम संख्या आली, म्हणजे २ पाच वेळा. आणि तेरा हजार तेरा म्हणजे १३ × १००१, हे तर वाचतानाच ऐकू येतं.

तर ४१६४१६ = २ चा ५ वा घात × ७ × ११ × १३ चा वर्ग.

विभाजक मोजताना इथेच घसरतात. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करायचा: ६ × २ × २ × ३ = ७२. पण एक १३ हा ४१६ मधला आणि दुसरा १००१ मधला, म्हणून दोघांना वेगळं धरलं की ६ × २ × २ × २ × २ = ९६ येतात. त्यातले २४ दोनदा मोजलेले असतात. आधी सारखे अवयव एकत्र करा, मगच मोजा.

संख्या पूर्ण वर्ग नाही, कारण २, ७ आणि ११ यांचे घात विषम आहेत. तेवढे तिघे पुरवा, म्हणजे १५४ ने गुणा: ६४१२८०६४, आणि हा बरोबर ८००८ चा वर्ग. मला यातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच वाटते.

आता मिरजकर विचारणारच, आमचा ४१६४१०? तो = २ × ५ × ४१६४१, विभाजक फक्त ८, कारण ४१६४१ ही मूळ संख्या आहे. तिचं वर्गमूळ २०४ च्या जरासं पुढे, म्हणून तपासायला २०४ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. ७, ११, १३ एका दमात निकालात निघतात: ४१६४१ मधून ४१ × १००१ वजा केले की उरतात ६४१ − ४१ = ६००, आणि ६०० ला तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही. बाकीच्यांसाठी भागाकारच करावा लागतो. त्यात १०९ आणि १९१ पाशी जपा. कॅल्क्युलेटर ३८२.०२… आणि २१८.०१… दाखवतो, आणि घाईत भाग गेलासा वाटतो. दोन्हीकडे बाकी ३ उरते, कारण ४१६३८ = २ × १०९ × १९१.