वरून १००, खालून ७५

रविवार, रात्री

काकांनी दिलेला डबा आज उघडला. त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान बंद झालं तेव्हा भंगारवाला सगळं वजनावर न्यायला तयार होता. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरांत सोनं असतं, त्यामुळे भावही बरा देत होता. काका म्हणाले, "वितळवायला देण्यापेक्षा तू ने." जुन्या चिप जमवण्याच्या माझ्या या छंदात सगळ्यात जास्त नुकसान सोनं काढणाऱ्यांनीच केलंय, म्हणून काकांचे आभार किती मानावेत कळत नाही.

डब्यात बहुतेक ४८६ आणि पेंटियम, म्हणजे त्या काळच्या संगणकांचे प्रोसेसर. त्यातला एक पेंटियम हातात घेतला आणि पुढची दुपार त्याच्यातच गेली. वर वेग १०० मेगाहर्ट्झ असल्याची छपाई. उलटून पिनांच्या बाजूला पाहिलं तर एसएक्स९६१. हा इंटेलचा ७५ मेगाहर्ट्झचा संकेतांक. त्याच पिढीच्या १०० वाल्यावर एसएक्स९६३ असतं. वरच्या बाजूला उन्हाची तिरीप पडू दिली आणि भिंग लावलं. सिरॅमिकवर एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे दिसले. व्हर्नियरने चारही कोपरे मोजले, तर जाडी एका बाजूला उतरत गेलेली. कारखान्यातून निघालेला पृष्ठभाग असा कलत नाही. मूळ अक्षरं घासून काढली आणि वर नवी छापली, यात मला शंका उरली नाही.

नव्वदच्या दशकात हा धंदा जगभर चालला आणि त्याचं कारण साधं होतं. त्या पेंटियमचा वेग मदरबोर्डवरचे जंपर, म्हणजे हाताने हलवता येणारे छोटे जोड, ठरवायचे. बसचा (मदरबोर्डवरच्या जोडणीचा) वेग गुणिले गुणक म्हणजे चिपचा वेग. ७५ म्हणजे ५० गुणिले दीड, १०० म्हणजे ६६ गुणिले दीड. गुणक तोच, फक्त बसचा जंपर हलवायचा. आपल्याला किती वेगासाठी पास केलंय हे चिप स्वतः सांगत नाही, ते फक्त वरच्या छपाईवरून कळायचं. सिलिकॉनच्या एकाच चकतीवरच्या (वेफरवरच्या) चिप चाचणीत वेगवेगळ्या वेगांना पास होतात. त्यामुळे ७५ चा शिक्का मिळालेली चिप १०० वर चालायचीसुद्धा, निदान उन्हाळ्याच्या दुपारी मशीन अडकेपर्यंत. पुढे पेंटियम टूच्या काळात इंटेलने गुणक आतूनच कायमचा ठरवून टाकला, त्यामागे ही भेसळ हे एक कारण होतं.

छपाई बदललेली दिसली की लोक लगेच "नकली" म्हणतात, आणि ते मला खटकतं. १९८७ मध्ये इंटेलच्या काही ८०३८६ (म्हणजे ३८६) प्रोसेसरांत ३२-बिट गुणाकार चुकतो असं आढळलं. इंटेलने साठ्याची चाचणी घेतली. पास झालेल्यांवर दुहेरी सिग्माची (ΣΣ) खूण केली आणि नापास झालेल्यांवर "फक्त १६-बिट सॉफ्टवेअरसाठी" अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारला. कारखान्याने आपल्याच मालाचा दोष त्या मालावरच लिहून ठेवला! असा शिक्का असलेला ३८६ मला सोनेरी झाकणाच्या कुठल्याही देखण्या चिपपेक्षा प्रिय आहे. तसंच एएमडी या दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या ८०८६ या जुन्या प्रोसेसरवर इंटेलचं नाव आणि १९७८ दिसलं की नवखे घाबरतात. एएमडी हा इंटेलचा अधिकृत दुसरा पुरवठादार होता, आणि ते साल आराखड्याच्या स्वामित्वहक्काचं असतं, चिप बनल्याचं नव्हे. बनल्याची तारीख चार आकड्यांत वेगळी असते, म्हणजे ८४३५ असेल तर १९८४ चा पस्तिसावा आठवडा.

मला राग आहे तो हल्ली खास संग्राहकांसाठी बनणाऱ्या मालाचा. साधी प्लास्टिकची चिप घासायची, काळा लेप द्यायचा आणि दुर्मीळ नाव कोरायचं. ते ओळखता येतं. पहिल्या पिनपाशी साच्याने पाडलेला गोल खळगा लेपाने भरून उथळ होतो, वरचा पोत खालच्याशी जुळत नाही, आणि कडेला ॲसिटोनचा बोळा लावला की काळं उतरतं. पण शाईने छापलेल्या जुन्या सिरॅमिक चिपला ॲसिटोन अजिबात लावू नये. खरी शाईसुद्धा जाते, आणि मग सिद्ध करायला काही राहत नाही. आधी तिरपा उजेड, मग भिंग, मग माहितीशी ताळा. १९७१ च्या ४००४ या इंटेलच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरवर कुणी काहीही छापो, आतल्या सिलिकॉनवर त्याचे रचनाकार फेडेरिको फॅजिन यांनी कोरलेली "एफ.एफ." ही आद्याक्षरं कुणाला घासता येत नाहीत. अर्थात ती पाहायला झाकण उघडावं लागतं, आणि ते मी कधीच करणार नाही.

खोटं छापण्यापेक्षा खरं पुसणं मला मोठा गुन्हा वाटतो. खोटी अक्षरं उघडकीला आणता येतात. पण कुठल्या कारखान्यातून, कोणत्या आठवड्यात, कोणत्या चाचणीतून ही चिप बाहेर पडली याची एकुलती एक नोंद तिच्या अंगावरच असते, आणि ती घासली की कुठल्याही संग्रहालयाला ती परत मिळवता येत नाही. म्हणूनच फिकट झालेली छपाई "ताजी" करून विकणाऱ्यांनाही मी त्याच रांगेत बसवतो. हेतू चांगला असला तरी.

काकांचा पेंटियम मी ठेवणार आहे. तो त्या दशकातल्या भेसळीचा अस्सल पुरावा आहे, आणि खालचा संकेतांक शाबूत असल्यामुळे त्याची दोन्ही नावं वाचता येतात. पाकिटावर लिहिलं: "मूळ ७५, वर १०० ची खोटी छपाई, वरची बाजू घासलेली. १०० म्हणून विकू नये." शेवटचं वाक्य माझ्यानंतर हा डबा ज्याच्या हाती जाईल त्याच्यासाठी आहे.

एका मित्राने छपाई नव्याने उठवलेल्या ८०८० या इंटेलच्या जुन्या प्रोसेसरचा फोटो पाठवलाय, घेऊ का विचारतोय. त्याला आत्ताच कळवतो, घेऊ नकोस. विकणाऱ्याकडे छपाई उठवण्याआधीचा फोटो असेल तर तेवढा मात्र माग.