आमची वाटचाल : चार स्क्रूंच्या पलीकडे

आम्ही ऑफिसातले प्रिंटर आणि कॉपियर दुरुस्त करतो. सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा भागीदार. टोनर, ड्रम, पिकअप रोलर, अडकलेले कागद एवढंच आमचं जग. छपाई, कॉपी, स्कॅन सगळं करणाऱ्या मल्टिफंक्शन मशीनमध्ये हार्ड डिस्क असते हे माहीत होतं. पण ती बदलायची म्हणजे मागचं झाकण उघडून चार स्क्रू काढायचे, अशी आमची समजूत.

पहिल्याच डिस्कने ती घालवली. मशीन चालू केलं की आतून बारीक टक-टक यायची आणि स्क्रीन लोगोवरच थांबायची. लॅपटॉपमध्ये असते तशीच अडीच इंची साटा डिस्क. नवी बसवली, बटण दाबलं, तर समोर एरर कोड. त्या मशीनचं बरंचसं फर्मवेअर, म्हणजे मशीन चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, डिस्कवरच होतं. बोर्डावर होतं ते जेमतेम डिस्क शोधण्यापुरतं. मग सर्व्हिस मोडमध्ये जाऊन फॉरमॅट, पेनड्राइव्हवरून फर्मवेअर. तेही चढेना. पेनड्राइव्ह फॅट३२ या फाइल पद्धतीत फॉरमॅट केलेला लागतो, एवढं कळायला आमचा तास गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. "अहो, स्कॅन पाठवायला एकही नाव दिसत नाही!" ॲड्रेस बुक जुन्या डिस्कबरोबर गेलं होतं. दोनशेच्या आसपास नावं, त्यांचे मेल, फोल्डरचे पत्ते, सगळं आम्ही मशीनसमोर उभं राहून बोटाने टाइप केलं. अर्थात फुकट. तेव्हापासून डिस्क कुरकुरायला लागली की स्क्रू-ड्रायव्हरच्या आधी ॲड्रेस बुक एक्स्पोर्ट.

फर्मवेअरचं काम खऱ्या अर्थाने वाढलं ते २०१७ नंतर. विंडोज १०च्या नव्या आवृत्तीत एसएमबीची (नेटवर्कवरून फोल्डरमध्ये फाइल पाठवायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती आपोआप बसेनाशी झाली आणि नवा कॉम्प्युटर आला की जुन्या मशीनचं फोल्डरमध्ये स्कॅन करणं बंद. पुढे मेल सर्व्हरही टीएलएस १.० ही सुरक्षित जोडणीची जुनी पद्धत नाकारू लागले. ग्राहक म्हणायचे मशीन बिघडलं. बिघडलेलं काहीच नसायचं. कंपनीने नवं फर्मवेअर दिलं असेल तर चढवायचं, नसेल तर तसं सरळ सांगायचं. महिनाअखेरीला मात्र आम्ही फर्मवेअरला हात लावत नाही. चढवताना वीज गेली तर बोर्डच बदलायची वेळ येऊ शकते, आणि नेमकी त्याच दिवशी सगळ्यांना बिलं छापायची असतात.

जुन्या डिस्कचा विचार आम्ही उशिराच केला. २०१० साली अमेरिकेत सीबीएस या वाहिनीच्या बातमीदारांनी वापरलेले कॉपियर विकत घेतले, तर त्यांच्या डिस्कवर पोलिसांची कागदपत्रं आणि रुग्णांच्या नोंदी निघाल्या. त्यातला एक कॉपियर ज्या आरोग्य विमा कंपनीने वापरला होता, तिला २०१३ मध्ये १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. हे वाचलं त्या दिवशी आमच्या कपाटात ग्राहकांच्या अकरा जुन्या डिस्का पडून होत्या! एकेकाला फोन करून त्या परत दिल्या.

आता आम्ही पाच जण आहोत. काढलेली डिस्क पाकिटात घालून, वर मशीनचा सीरियल नंबर लिहून ग्राहकाच्या हातात देतो आणि सही घेतो. काही जण विचारतात, "ही मेलेली डिस्क घेऊन आम्ही काय करू?" मग त्यांच्यासमोरच ड्रिलने तिला आरपार भोकं पाडून देतो.