सहाही माद्याच, असं मी सांगितलं होतं

त्या वळिवाला तीन आठवडे झाले, तरी सकाळी टाक्यांत खाणं टाकताना नारायण पेठेतून आलेला तो फोन आठवतो.

धनकवडीत आमच्या मागच्या खोलीत माशांच्या बावीस टाक्या आहेत. कोरी आणि ब्रिस्टलनोज प्लेको हे टाकीच्या तळाशी राहणारे शोभेचे मासे घरी वाढवून दुकानांना देतो, नऊ वर्षं झाली. प्लेकोत नर-मादी ओळखणं सोपं असतं, मोठ्या नराच्या नाकावर मिशांचं रान उगवतं. कोरीत तसं काही नाही. तिथे पारखी नजर हवी, आणि माझ्या नजरेवर लोक विश्वास ठेवतात.

फोन करणारे नारायण पेठेतले काका बँकेतून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून त्यांनी ‘तीन जोड्या’ म्हणून स्टरबाय जातीचे सहा कोरी आणले होते. एवढ्याशा पिल्लांची जोडी लावून देणं कुणालाच शक्य नाही. नर-मादी दिसायला बरेच महिने जावे लागतात. शिवाय कोरी जोडीने राहणारा मासाच नव्हे, तो घोळक्यात राहतो, आणि घोळक्यात नर जास्त असले तर बरं. हे सगळं विकणाऱ्याला ठाऊक असतं. तरी ‘जोडी’ म्हटलं की दोन पैसे जास्त मिळतात, म्हणून विकतात. मला याची मनापासून चीड आहे.

स्टरबाय मूळची ब्राझील-बोलिव्हियाच्या सीमेवरच्या ग्वापोरे नदीची. काळपट अंगावर पांढरे ठिपके, छातीचे पर नारिंगी. उष्णता सोसते, म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यासाठी मी तीच सुचवतो. पांडा कोरी ही दुसरी जात पाणी ३० अंशांवर गेलं की धापा टाकते.

काकांचे मासे अंडी घालत नव्हते, म्हणून एप्रिलमध्ये त्यांच्याकडे गेलो. टाकीत सोसायटीच्या बोअरचं पाणी, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर ६४० दाखवत होता, म्हणजे फारच जास्त. म्हटलं, अंडी इथेच अडली आहेत. खडकवासल्याचं नळाचं पाणी घ्या, क्लोरीन काढून, आठवड्याला अर्धी टाकी बदला, आणि नवं पाणी जरा गारच असू द्या. मग वरून वाकून पाहिलं. वरून नर सडपातळ दिसतो, मादी पोटाशी रुंद. सहाही रुंद होत्या. “काका, सगळ्या माद्याच आहेत,” मी सांगून टाकलं. माझ्याकडचे दोन नर आणून दिले, पण वेगळ्या टबमध्ये. नवा मासा तीन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय मी कुणाच्याही टाकीत सोडू देत नाही.

मेमध्ये एका रात्री जोराचा वळीव झाला. गार पाणी आणि उतरलेला हवेचा दाब, या दोन्हींवर कोरी अंडी घालतात असं आम्ही पाळणारे मानतो. सकाळी सव्वासहाला फोन.

“अरे, काचेला साबुदाणा चिकटवल्यासारखं दिसतंय. सत्तर-ऐंशी तरी असतील.”

नर तर टबमध्येच होते. मी लगेच समजावायला लागलो. मादी नराच्या पोटाशी तोंड लावते, दोघांचा इंग्रजी टी होतो, ती पोटाखालचे पर जुळवून त्या ओंजळीत दोन-चार अंडी धरते आणि काचेला नेऊन चिकटवते. ब्राँझ कोरीची मादी शुक्रजंतू चक्क पिते आणि ते तिच्या आतड्यातून अंड्यांपर्यंत पोचतात, हे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये मांडलं, तेही सांगितलं. आणि शेवटी म्हणालो, “तुमच्याकडे नरच नाही, त्यामुळे ही अंडी फुकट आहेत. दोन दिवसांत बुरशी धरतील, पाणी नासेल. काढून टाका.”

काकांनी जुन्या एटीएम कार्डाने काच खरवडली आणि अंडी मोरीत ओतली.

अंडं स्वतःच सांगतं. फळलेलं असेल तर दिवस-दीड दिवसात चहाच्या रंगावर येतं, नसेल तर पांढरं पडतं. नुसतं ‘उद्यापर्यंत थांबा’ म्हणायचं होतं. नऊ वर्षांत मी स्वतःच्या टाकीतली अंडी एकदाही न थांबता टाकलेली नाहीत.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. टाकीतल्या अनुबियस या पाणवनस्पतीच्या एका पानाला चौदा अंडी चिकटली होती. ते पान त्यांनी कात्रीने कापून काचेच्या पसरट वाडग्यात ठेवलं होतं, वर मी दिलेल्या देशी बदामाच्या वाळक्या पानाचा तुकडा. सकाळ-संध्याकाळ टाकीतलंच पाणी बदललं. पाच अंडी पांढरी पडली, ती टूथपिकने काढली. “नऊ वळवळतायत रे. यांना आता घालू काय?”

एक-दोन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतील, असं सांगून मी मायक्रोवर्मची, म्हणजे पिल्लांना घालायच्या बारीक किड्यांची, डबी घेऊन निघालो. सोबत एक पारदर्शक प्लास्टिकचा डबाही घेतला. कोरीला जाळीने धरू नये, पराचे काटे अडकून मोडतात. एकेकाला डब्यात घेऊन, डबा डोक्यावर धरून खालून पाहिलं. पाच जणींचे पोटाखालचे पर पंख्यासारखे गोल. चौथ्या डब्यात घेतलेल्याचे मात्र टोकदार. तो नर होता. काका रोज रात्री ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, घालायचे, त्यावर पोसून माद्यांइतकाच रुंद झालेला. हे डबा धरून पाहणं मी एप्रिलमध्येच करायला हवं होतं. दहा मिनिटांचं काम आहे.

काका काही बोलले नाहीत, चहा पुढे केला. काकू म्हणाल्या, “तू सांगितलंस म्हणून टाकली त्यांनी. मला आपलं ते पान टाकवेना.”

नऊपैकी सात पिल्लं आहेत. आणि माझ्याकडे ‘माद्या’ अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीतले तेवीस मासे मी पुन्हा एकेक करून डब्यात घेऊन बघतोय. अकरा झाले. त्यातले दोन नर निघाले.