तिसरा प्लेथ्रू, १३१ तास: ॲस्टॅरियनला ‘नाही’ म्हटलं

शनिवारी पावसामुळे इंदिरानगरात दीड तास लाइट गेली होती, त्यामुळे बसायला रात्रीचे पावणेबारा वाजले. पण बाल्डर्स गेट ३ या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या प्लेथ्रूत (गेम पहिल्यापासून पुन्हा खेळताना) काझाडोरच्या वाड्यापर्यंत पोचले. काझाडोर हा व्हँपायर, गेममधल्या माझ्या सोबत्याचा, ॲस्टॅरियन या व्हँपायरचा, जुना मालक.

आधीच्या दोन्ही वेळी मी ॲस्टॅरियनला विधी करू दिला होता. दोनशे वर्षं ज्याची गुलामी केली त्याला हवी असलेलीच ताकद ॲस्टॅरियनला मिळणार, आणि बदल्यात तळघरात कोंडलेल्या सात हजार जणांचा बळी. तो इतक्या आर्जवानं मागतो की मला नाही म्हणवलंच नव्हतं. मग तो बदलतो. तुम्हालाही आपली स्पॉन (मालकाच्या हुकमातली व्हँपायर) करायला बघतो, नकार दिला की नातं संपतं. तरी मला तो हवासा वाटला होता, अगदी मनापासून.

या वेळी गेमच्या दुसऱ्या ॲक्टपासूनच (भागापासूनच) काहीतरी वेगळं झालं. मूनराइज टॉवर्समध्ये अराज नावाची रक्ताचा व्यापार करणारी बाई म्हणते, मला चावायला सांग त्याला. बक्षीस म्हणून कायमची +२ स्ट्रेंग्थ (ताकद) देणारं औषध. त्याला ते नको असतं, तो तसं सांगतोही. पहिल्या प्लेथ्रूत मी त्या औषधासाठी त्याला गळ घातली, नंतर त्याचा चेहरा बघवला नाही म्हणून सेव्ह परत लोड केली. आता मी सरळ त्याच्या बाजूनं उभी राहिले. पुढे तो कबूल करतो की सुरुवातीचं सगळं लाडीगोडी लावणं स्वतःला वाचवण्यासाठी ठरवून केलेलं होतं. मी त्याला मिठी मारली आणि पाच मिनिटं कीबोर्डला हात लावला नाही.

रविवारी गंगापूर रोडला मिसळ खाताना मावसबहिणीला हे सांगत होते. तिचा आवडता अँडर्स, ड्रॅगन एज २ या गेममधला (२०११). तो औषधाच्या नावाखाली तुमच्याकडूनच सामान गोळा करून घेतो आणि चँट्री (तिथलं चर्च) उडवतो. ती म्हणाली, “ताई, तुला तो आवडतो, की त्याचं तुझ्यावाचून अडतं हे आवडतं?” रस्सा गार झाला, मला उत्तर सुचेना. मला वाटतं, दुसरंच. मास इफेक्ट २ मधल्या (२०१०) जॅकच्या वेळीही मी तशीच घाई केली होती. तिच्याशी लगेच झोपलात तर पुढचं नातं उलगडतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तर विधी. त्याचं मन वळवण्यासाठीचा पर्सुएशनचा डाइस (फासा) पहिल्यांदा माझ्या बाजूनं पडला नाही. इन्स्पिरेशन (फासा परत टाकू देणारा गेममधला पॉइंट) खर्चून परत टाकला, पडला. विधी सोडून ॲस्टॅरियन काझाडोरवर सुरा चालवतच राहतो, ओरडतो, मग हमसून रडतो. त्या रडण्यात मला दोन्ही आधीच्या प्लेथ्रूंपेक्षा जास्त जवळीक वाटली.

नंतर तो मला स्वतःच्या थडग्यापाशी घेऊन गेला.

आता शेवटची लढाई बाकी. जिंकल्यावर गोदीवर ऊन पडतं, त्याची कातडी जळायला लागते आणि तो सावलीकडे धावत सुटतो, हे ठाऊक आहे. तीन स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवलंय. पुढच्या शनिवारी बसणार.